सिस्प्लॅटिन, किडनी आणि उतरलेलं सोडियम : 'भरपूर पाणी पाजा' म्हणजे नक्की काय करायचं?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलचक आहे, पण ज्यांच्या घरात कोणाची केमो चालू आहे त्यांनी कृपया पूर्ण वाचा.

आमचे आप्पा, वय ६१, एसटीत कंडक्टर होते. तंबाखू आयुष्यभर. पावसाळ्यात गिळताना कानात कळ यायला लागली, तपासण्या झाल्या आणि जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. ऑपरेशन नको, ३५ लाईट द्यायचे (आमच्या कराडकडे रेडिएशनला लाईटच म्हणतात) आणि त्याच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनची केमो, एकूण तीन वेळा, असं ठरलं. त्यासाठी पुण्यात रुग्णालयाजवळ एक खोली भाड्याने घेतली. आई आणि मी आळीपाळीने त्यांच्यापाशी.

पहिली केमो निभावली. दुसऱ्या केमोपर्यंत तोंड आतून सोलून निघालं होतं, घोटभर पाणीही जाईना, म्हणून नाकातून नळी घातलेली. केमो झाल्यावर सुट्टी देताना आम्हाला एकच वाक्य सांगितलं गेलं: "पाणी भरपूर पाजा, किडनी जपा." किती पाजायचं, नुसतं पाणी की आणखी काही, मीठ चालेल का, यातलं काहीच नाही. उरलेलं नातेवाइकांनी भरून काढलं. औषध पाण्यानेच धुऊन निघतं, मीठ किडनीला वाईट, वगैरे. मी ते सगळं मनावर घेतलं. नळीतून दर तासाला साधं पाणी, दिवसाला साडेतीन लिटरच्या घरात. पेज अळणी, मुगाचं कढण अळणी. तिसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या, तरी लघवी मात्र धो धो होत होती. आई म्हणायची, लघवी चांगली होतेय म्हणजे किडनी चांगली आहे. मलाही तेच वाटायचं.

सहाव्या दिवशी पहाटे मला कसल्याशा आवाजाने जाग आली. आप्पा पलंगावर ताठ बसलेले, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटत होते. टक, टक, टक. डाव्या हातात चादरीची कडा घट्ट. मला म्हणाले, "उंब्रजवाले पुढं सरका." तिकिटं पंच करत होते. मी आप्पा, आप्पा म्हणून हलवलं तर माझ्याकडे बघून वारलेल्या आत्याचं नाव घेतलं.

रिक्षाने इमर्जन्सीला नेलं. सोडियम ११६, क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) २.१, केमोआधी ०.९ होतं, मॅग्नेशियम ०.९. झटका येईल म्हणून आयसीयूत ३ टक्क्यांचं घट्ट सलाईन थोडं थोडं दिलं. शुद्ध जरा ताळ्यावर आली. मग सांगितलं की हार्मोनमुळे अंगात पाणी साठतंय, पाणी तोडा. दिवसाला फक्त ८०० मिली. दोन दिवस तसं केलं. सोडियम ११९ वर अडकून बसलं आणि क्रिएटिनिन २.६ झालं.

तिसऱ्या दिवशी किडनीचे डॉक्टर आले. त्यांनी फाईल नंतर उघडली, आधी आप्पांचं बीपी झोपवून घेतलं, मग दोघांनी धरून उभं करून घेतलं. झोपून वरचं ११८, उभं राहिल्यावर ८८. मग वजन विचारलं. केमोच्या दिवशी ५७ किलो होतं, त्या दिवशी ५३.५ भरलं. ते म्हणाले, "यांच्या अंगात पाणी जास्त नाहीये. मीठ आणि पाणी दोन्ही वाहून गेलंय, आणि भरून फक्त पाणी काढलंय." ०.९ टक्क्यांचं सलाईन सुरू झालं, मॅग्नेशियम शिरेतून, आणि नळीतून मोजून मीठ. चार दिवसांत सोडियम १३३ वर आलं. आप्पा पुन्हा आमचे आप्पा झाले.

आता घरी आहोत. तिसऱ्या केमोचं अजून ठरायचंय. मला समजून घ्यायचंय की यात बिघडलं काय, किडनी की हार्मोन? दोन चांगल्या डॉक्टरांनी दोन उलट उपचार का सांगितले? आणि तुम्ही घरी पाण्याचा हिशोब कसा ठेवता? मला कोणावर दोष ढकलायचा नाही. पण ते एक वाक्य अपुरं होतं, आणि ते दर आठवड्याला कितीतरी लोकांना सांगितलं जातं.

---

रातपाळी | सोमवार, रात्री ११:५५

ताई, वाचून पोटात कालवलं. मी डे केअरमध्ये केमो देते, १४ वर्षं झाली. आमच्या बाजूने काय चालतं ते लिहिते.

सिस्प्लॅटिन नुसतं कधीच लावत नाही. आधी सलाईन, बहुतेक ठिकाणी त्यातच मॅग्नेशियम आणि पोटॅशियम मिसळलेलं. मग औषध. मग पुन्हा सलाईन. आम्ही सारखं "लघवी झाली का, किती झाली" विचारतो त्याचा पेशंटना वैताग येतो, पण लघवी नीट सुरू असल्याशिवाय मी औषध चालू करत नाही. जे सलाईन देतो त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे आम्ही इथे जे देतो ते मिठाचं पाणी असतं. आणि घरी जाताना तोंडाने सांगतो ते नुसतं 'पाणी'. हे तुमचं वाचेपर्यंत माझ्याही कधी असं ध्यानात आलं नव्हतं.

दुसरं, सिस्प्लॅटिनच्या उलट्या दोन टप्प्यांत येतात. पहिल्या दिवशीची सगळ्यांना माहीत असते. खरी फसवी दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची. तेव्हा पेशंट घरी असतो, अँटी-एमेटिक (उलटी थांबवणाऱ्या) गोळ्या 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केलेल्या असतात. त्या गोळ्या लिहिल्यात तितके दिवस घ्याच. आणि २४ तास पोटात काही टिकत नसेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. डे केअरला फोन करा, येऊन सलाईन लावून जा.

अजून एक. तोंड आलंय, घसा दुखतोय म्हणून केमिस्टकडून डायक्लोफेनॅक, आयब्रुप्रोफेन असलं काही आणू नका. त्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. सिस्प्लॅटिनच्या आठवड्यात तर अजिबात नको. दुखण्यासाठी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरांकडून मागून घ्या.

---

मूत्रनलिका | मंगळवार, सकाळी ६:२०

मी नेफ्रॉलॉजिस्ट आहे. कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या उपचारांबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण प्रश्नात तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

किडनीची गाळणी दिवसाला साधारण १७० ते १८० लिटर द्रव गाळते. लघवी होते दीड-दोन लिटर. मधलं सगळं पाणी, मीठ, मॅग्नेशियम, पोटॅशियम लांबलचक नलिका परत रक्तात ओढून घेतात. म्हणजे किडनीचं बरंचसं कष्टाचं काम गाळण्याचं नाही, परत घेण्याचं आहे.

सिस्प्लॅटिनला या नलिकांच्या पेशींत शिरायला आयतं दार मिळतं. ओसीटी-२ नावाचा एक वाहक त्या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला असतो, तो हे औषध आत घेतो. रक्तात जेवढं असतं त्याच्या सुमारे पाचपट ते पेशीत साठतं. पेशी दुखावतात, काही मरतात. म्हणून या औषधाने लघवी बहुतेकदा बंद होत नाही. उलट भरपूर होते, आणि ती लघवी मीठ आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन जाते. तुमच्या आई म्हणाल्या तसं प्रत्येक घरात म्हणतात. लघवीचं प्रमाण बघून या वेळी किडनीची परीक्षा करता येत नाही.

आता हार्मोन. दोन महत्त्वाची.

व्हॅसोप्रेसिन, ज्याला एडीएच म्हणतात, ते मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये बनतं आणि पिट्युटरीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं. नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात ते पाण्याची दारं उघडतं आणि पाणी अंगात परत येतं. एरवी रक्त घट्ट झालं की ते सुटतं, पातळ झालं की थांबतं. पण त्याला सोडायला लावणारी इतर कारणंही आहेत: वेदना, मॉर्फिनसारखी औषधं, बीपी उतरणं, आणि मळमळ. मळमळ हे त्यातलं फार जोरकस कारण आहे. उलटी होवो न होवो, पोटात ढवळत राहिलं की व्हॅसोप्रेसिन वाढतं. अशा माणसाला साधं पाणी पाजत राहिलं की ते बाहेर टाकता येत नाही आणि सोडियम पातळ होत जातं.

दुसरं अल्डोस्टेरॉन. किडनीवर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते सोडते. 'मीठ धरून ठेव' असा त्याचा हुकूम. सिस्प्लॅटिनने मीठ वाहून जायला लागलं की हा हुकूम सुटतो, पण पाळायचा कोणी? नलिकाच जखमी.

आता दोन डॉक्टर दोन दिशांना का गेले ते. १९५७ साली श्वार्ट्झ, बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दोन रुग्णांचं वर्णन केलं. त्यांचं सोडियम खूप उतरलेलं होतं आणि तरी लघवीतून मीठ जातच होतं. गाठ स्वतःच व्हॅसोप्रेसिनसारखं काम करणारा पदार्थ सोडत असावी, असा त्यांचा तर्क होता, आणि तो पुढे खरा ठरला. यालाच आपण एसआयएडीएच म्हणतो. त्यात अंगात पाणी जास्त असतं, म्हणून उपचार पाणी तोडणं. सिस्प्लॅटिननंतर होतं त्याला सॉल्ट वेस्टिंग म्हणतात. त्यात मीठ आणि पाणी दोन्ही गेलेलं असतं, म्हणून उपचार दोन्ही देणं.

गोची अशी की कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. रक्तात सोडियम कमी, लघवीत सोडियम जास्त, लघवी हवी त्यापेक्षा घट्ट. कॅन्सरचा रुग्ण समोर असला की डोक्यात आधी एसआयएडीएच येतं, कारण ते जास्त वेळा दिसतं. रिपोर्टमधून फरक कळत नाही, पलंगापाशी कळतो: उभं केल्यावर बीपी पडतंय का, नाडी पळतेय का, जीभ कोरडी आहे का, आणि वजन. एसआयएडीएचमध्ये वजन साडेतीन किलोने उतरत नाही. पहिल्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असं मला वाटत नाही. नळी लावलेल्या, मान टाकलेल्या रुग्णाला आयसीयूत उभं करून बीपी घ्यायचं सहसा कोणाला सुचत नाही. पण ते करायला हवं, आणि माझ्या निवासी डॉक्टरांना मी आता हा धागा दाखवणार आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी किडनी. नलिका जखमी झाल्या, मीठ गेलं, बीपी उतरलं. मग मळमळ आणि उतरलेलं बीपी या दोघांनी मिळून व्हॅसोप्रेसिन वाढवलं. हार्मोन बिघडलेलं नव्हतं, ते आपलं काम करत होतं. वरून साधं पाणी मिळत गेलं आणि सोडियम ११६ ला पोचलं.

सोडियम भराभर वर का आणत नाहीत, हेही नातेवाईक नेहमी विचारतात. दिवसाला ८ ते १० च्या वर वाढवलं तर मेंदूच्या पेशींच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून सावकाश.

---

निंबोणी | मंगळवार, सकाळी ९:१०

डॉक्टर, इतकं समजावून लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या सासऱ्यांची सिस्प्लॅटिन चालू आहे, दर आठवड्यावाली. आम्ही रोज दोन शहाळी देतो, पाण्यापेक्षा बरं म्हणून. ते बरोबर आहे का? आणि पुनर्नव्याचा काढा किडनीला चांगला असं आमच्याकडे सांगतात, तो द्यावा का?

---

मूत्रनलिका | मंगळवार, दुपारी १:४५

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. सासऱ्यांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम व्यवस्थित असेल तर एखादं शहाळं चालतं. क्रिएटिनिन वाढलं की किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. त्यामुळे गेल्या आठवड्याचा रिपोर्ट चांगला होता म्हणून या आठवड्यात चालेल असं धरू नका. मिठाची उणीव मात्र शहाळ्याने भरून निघत नाही. त्यासाठी मीठ घातलेली पेज, ताक, किंवा पूर्ण एक लिटर पाण्यात एकच पाकीट घालून केलेलं ओआरएस. पाकीट ग्लासात घालू नका आणि दोन लिटरमध्येही नको. हृदयाचा त्रास किंवा पायाला सूज असेल तर हेही आधी विचारून.

काढ्याबद्दल. पुनर्नवा लघवी वाढवण्यासाठीच परंपरेने देतात. सिस्प्लॅटिनच्या आठवड्यात लघवीतून आधीच नको ते वाहून जात असतं, त्यात आणखी भर नको. केमो संपेपर्यंत काढे, भस्मं, चूर्णं बाजूला ठेवा. घेतलंच असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना सांगा. लाज वाटून लपवलेलं काढ्याचं पातेलं मी फार उशिरा ऐकलंय, एकदा नव्हे, अनेकदा.

---

अंगणातली_सदाफुली | मंगळवार, दुपारी ४:३०

आमचं प्रकरण वेगळ्या औषधाचं आहे, पण सोडियमचंच. माझ्या मुलाला ५ व्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, एएलएल. त्याला दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिन असायचं. हे औषध सदाफुलीच्या झाडातून काढतात हे मला वॉर्डातल्या एका आईने सांगितलं. माझ्या नागपूरच्या अंगणात ती कधी लावावी लागली नाही, आपोआप उगवायची. त्या दिवशी घरी आल्यावर मी त्या झाडापाशी कितीतरी वेळ उभी होते.

तिसऱ्या डोसनंतर त्याला बुरशीचं इन्फेक्शन झालं म्हणून इट्राकोनॅझोल सुरू केलं. आठवडाभरात पोट गच्च, शी होईना, आणि मग एकदम फिट आली. सोडियम ११८. नंतर कळलं की ती बुरशीची औषधं यकृतात व्हिन्क्रिस्टिनचा निचरा अडवतात, त्यामुळे ते अंगात जास्त वेळ राहतं. आणि व्हिन्क्रिस्टिनने मेंदूतलं व्हॅसोप्रेसिनचं नियंत्रण बिघडू शकतं. त्याला खरोखरच एसआयएडीएच होतं. त्याच्या बाबतीत पाणी तोडणं हाच बरोबर उपचार होता आणि दोन दिवसांत तो बरा झाला. बुरशीचं औषध बदललं.

आता तो आठवीत आहे. हे एवढ्यासाठी लिहिलं की सोडियम उतरलं म्हणजे मीठ पाजा, असं कोणी या धाग्यावरून घेऊ नये. औषध कोणतं आहे ते आधी बघा. आणि शी न होणं आणि सोडियम उतरणं हे व्हिन्क्रिस्टिनमध्ये हातात हात घालून येऊ शकतं, तेव्हा बद्धकोष्ठ किरकोळ समजू नका.

---

दुसरा_डाव | मंगळवार, रात्री ९:०५

सदाफुली, तुमच्या लेकाला खूप आशीर्वाद.

मला स्तनाच्या कॅन्सरसाठी सायक्लोफॉस्फमाइड होतं. त्यातही 'भरपूर पाणी' सांगतात, पण कारण किडनी नसून मूत्राशय. या औषधापासून अंगात अ‍ॅक्रोलिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो लघवीतून जाताना मूत्राशयाचं अस्तर जाळतो. म्हणून लघवी तुंबू द्यायची नाही, रात्रीसुद्धा उठायचं. आणि हेच औषध, विशेषतः मोठ्या डोसमध्ये, किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं. म्हणजे एका हाताने पाणी प्या सांगायचं आणि दुसऱ्या हाताने पाणी अडवायचं. माझा डोस नेहमीचा होता, मला काही झालं नाही. पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका बैठकीत दोन लिटर ढोसायचं नाही, दिवसभर विभागून, आणि त्यात सूप, ताक धरायचं. डोकं दुखायला लागलं, बोलताना शब्द सापडेनात झाले, तर पाणी थांबवून फोन करायचा. हे शब्द न सापडणं त्यांनी वेगळं सांगितलं होतं, ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

एक प्रश्न डॉक्टरांना. माझं क्रिएटिनिन कायम ०.७, नॉर्मल. तरी दर वेळी ते ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाजी आकडा) काढतात. का?

---

मूत्रनलिका | मंगळवार, रात्री ११:२०

कारण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. केमोत माणूस झिजतो, स्नायू कमी होतात, तसं क्रिएटिनिनही कमी बनतं. मग किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसलेला दिसतो. शिवाय इजा झाल्यावर तो वाढायला दिवस लागतात, सिस्प्लॅटिननंतर साधारण आठवडाभरात दिसायला लागतो. म्हणून नुसता आजचा आकडा न बघता केमोआधीचा आकडा शेजारी ठेवायचा. ०.६ चं १.० झालं तर लॅब लाल खूण करणार नाही, मी मात्र थांबून बघेन. अर्थात ईजीएफआरचा हिशोबही क्रिएटिनिनवरूनच होतो, त्यामुळे फार खंगलेल्या माणसात तोही जास्तच चांगला दिसतो.

कृष्णाकाठ, तिसऱ्या केमोबद्दल. दर तीन आठवड्यांनी मोठा डोस का देतात हेही तुम्हाला कळायला हवं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम दर आठवड्याला, विरुद्ध १०० मिलिग्रॅम तीन आठवड्यांनी. दोन वर्षांनी तोंड-मानेत रोग ताब्यात राहिलेले रुग्ण आठवडी गटात ५८.५ टक्के आणि तीन-आठवडी गटात ७३.१ टक्के होते. तीव्र दुष्परिणाम मात्र ७१.६ विरुद्ध ८४.६ टक्के. म्हणजे मोठ्या डोसने रोग जास्त आवरतो आणि माणूस जास्त सोसतो. पुढे जपानमध्ये ऑपरेशन झालेल्या रुग्णांत आठवड्याला ४० मिलिग्रॅमचा डोस तीन-आठवडी डोसच्या बरोबरीचा ठरला. तो अभ्यास २०२२ चा. त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही.

तुमच्या वडिलांना दोन मिळून दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम झालेत. तेवढ्यात परिणाम बऱ्यापैकी साधतो असं बहुतेक ऑन्कॉलॉजिस्ट मानतात. म्हणून तिसरी न देण्याचा पर्याय निश्चित विचारा. कार्बोप्लॅटिनचंही नाव निघेल. ते किडनीला बरंच सौम्य आहे, पण त्याचा डोसच किडनीच्या कामावरून ठरतो: ठरवलेला एयूसीचा (रक्तात औषध किती आणि किती वेळ राहावं याचा) आकडा, गुणिले जीएफआर (किडनीच्या गाळण्याचा वेग) आणि २५ यांची बेरीज. जीएफआर ६० आणि एयूसी ५ असेल तर ५ गुणिले ८५, म्हणजे ४२५ मिलिग्रॅम. तिथे जीएफआर चुकला की डोस चुकला. झिजलेल्या माणसाचं क्रिएटिनिन फसवं असतं, हे म्हणूनच महत्त्वाचं.

---

जुनी_पानं | बुधवार, सकाळी ८:००

या औषधाची पूर्वपीठिका थोडक्यात, कारण ती या धाग्याशी जुळते. १९६५ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले, नुसतेच लांब होत गेले. वीज कारण नव्हती. प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड विरघळून जे संयुग बनलं होतं ते कारण होतं. तेच सिस्प्लॅटिन. माणसांत वापरायला लागल्यावर किडन्या इतक्या बिघडल्या की औषध सोडून द्यायची वेळ आली होती. १९७० च्या दशकात डॉक्टरांनी भरपूर सलाईन देऊन, लघवी वाहती ठेवून ते देऊन बघितलं, आणि मग १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे सलाईनच्या बाटलीवाचून हे औषध आपल्यापर्यंत पोचलंच नसतं.

---

रातपाळी | बुधवार, दुपारी २:१५

@जुनी_पानं, हे मला माहीत नव्हतं. उद्या नव्या मुलींना सांगते.

ताई, हिशोबाचं विचारलंत म्हणून. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन, रोज त्याच काट्यावर. दोन दिवसांत दीड-दोन किलो उतरलं किंवा चढलं तर फोन. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते लिहायचं, उलटीसकट. लघवीसाठी एक प्लॅस्टिकचा मापाचा जग पुरतो. उठल्यावर चक्कर येते का हे रोज विचारायचं, पेशंट आपणहून सांगत नाहीत. पायात गोळे, बोटांना मुंग्या, हात थरथरणं असेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. नेहमीच्या केमोआधीच्या रक्त तपासणीत ते सगळीकडे नसतं, मागून घ्यावं लागतं.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी ऑन्कॉलॉजिस्टना भेटलो. किडनीचे डॉक्टरही फोनवर होते. तिसरी केमो द्यायची नाही, लाईट मात्र पूर्ण करायचे, असं ठरलं. अकरा राहिलेत. क्रिएटिनिन १.४ वर आलंय. ते ०.९ ला परत जाईलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मॅग्नेशियम अजून गळतंय, गोळ्या कितीतरी महिने लागू शकतात. त्या गोळ्यांनी जुलाब होतात म्हणून दिवसातून तीनदा थोड्या थोड्या विभागून दिल्यात.

सुट्टीच्या कागदावर पाण्याबद्दल आता चार ओळी लिहून मिळाल्या. मी मागून घेतल्या. दिवसाला नळीतून एकूण किती, त्यातलं ओआरएस किती, पेजेत मीठ किती चमचे, आणि कोणत्या लक्षणाला फोन करायचा. डे केअरच्या सिस्टरनी त्या कागदाची झेरॉक्स ठेवून घेतली.

हिशोब आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहायचो. मी लिहायचे तेव्हा आप्पा नुसते बघायचे. परवा त्यांनी हात पुढे करून पेन मागितलं. बोलता येत नाही अजून, खुणेनेच. मग फूटपट्टी मागितली. चार रकाने आखले: वेळ, आत, बाहेर, शिल्लक. डेपोत वे-बिल भरायचे तसं. आज रात्री झोपण्याआधी त्यांनी स्वतः बेरीज केली. आत २६५०, बाहेर २१००, वजन ५४.३. माझ्या दुपारच्या एका आकड्यावर काट मारून शेजारी बरोबर आकडा लिहिला. खाली दोन रेघा ओढल्या आणि सही केली.